ओठ

बस तासाला एक. आल्डरक्लफला उतरणारी मी एकटीच.
"शेवटची पाच-दहाला," ड्रायव्हर म्हणाला, "चुकवू नका."
टेकडीवरच्या मेंढ्यांनी माना वर करून
मला एकदा नीट मोजून घेतलं.

गिरणी शोधावी लागली नाही.
धुराडं अजून उभं आहे, त्याच्या तोंडात एक झुडूप उगवलंय.
दारापाशी बावीस घंट्यांची पितळी पाटी,
तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी सायकल टांगलेली.
लोकर धुवायचे त्या जागी आता पाव मिळतो,
आंबट, महाग, आणि दुपारच्या आत संपणारा.

तिथेच कोपऱ्यात बसल्या होत्या आयव्ही सटक्लिफ, वय चौऱ्याऐंशी.
मी आवाज चढवला तसा त्यांनी हात वर केला.
"ओरडू नकोस, उपयोग नाही.
माझ्याकडे तोंड करून बोल."

पंधराव्या वर्षी मागावर उभ्या राहिल्या.
एका छपराखाली तीनशे माग,
कान पहिल्या दोन वर्षांतच गेले, पण बोलणं थांबलं नाही.
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा कुठे पितो,
सगळं ओठांवरून ओठांवर,
चार ओळी पलीकडे, धोट्यांच्या डोक्यावरून.
"मुकादम क्रॅब्ट्रीला वाटायचं, आम्ही काहीतरी चघळतोय."

रात्रपाळीला तोच माग गुलफराज चालवायचा, मिरपूरचा.
अकरा वर्षं. भेट फक्त फाटकात, सहाच्या ठोक्याला,
तीही टोपीला हात लावण्यापुरती.
"पण तुटल्या धाग्याला तो गाठ वेगळी मारायचा.
अंधारातसुद्धा बोटाला कळायची.
एकदा आठवडाभर माझ्याच गाठी सापडत राहिल्या.
तेव्हा समजलं, आजारी आहे."

मी नदीचा विषय काढला. खाली पुलाशी बगळा पाहिला होता,
पाण्याचा तळ दिसत होता.
"किती स्वच्छ झालीय," मी म्हणाले.
"झालीय," त्या म्हणाल्या. "पूर्वी सोमवारी तांबडी असायची,
कधी बाटलीसारखी हिरवी. पुलावरून जाताना कळायचं
आत कसला रंग चाललाय.
आता बघून काही कळत नाही."

संग्रहालयात रविवारी माग चालवून दाखवतात.
त्या एकदाच गेल्या.
"एकच माग, गं! गावाबाहेर कुत्रं भुंकावं तसा."

मग चहा. मग दुसरा चहा, दूध जरा जास्त.
शेवटच्या दिवसाचं मी विचारलं नव्हतं,
त्याच बोलल्या, कप बशीवर फिरवत.
मार्चमधला शुक्रवार. माग एकेक करून थांबले,
दाराकडचे आधी.
इतकं शांत की छपरावरचा पाऊस,
म्हणे, ज्यांचे कान शाबूत होते त्यांना ऐकू आला.
आता मोठ्याने बोलता आलं असतं,
पण बायका तशाच उभ्या, ओळीओळीने,
नुसते ओठ हलवत.
"काय बोलत होतात?"
"बटाट्यांचा भाव, बहुतेक," त्या म्हणाल्या,
आणि खिडकीकडे पाहत राहिल्या.

पाचला मी उठले. सवयीने तोंडातून गेलं, "येते."
त्यांनी मला थांबवलं. "हे काय म्हणालीस? ओठ मिटलेच नाहीत."
निघताना म्हणतो, मी सांगितलं. अर्थ, येत आहे.
"जाताना?"
"जाताना."
त्यांनी तो शब्द तोंडात धरून पाहिला,
बिनआवाजाचा, दोनदा,
नवा दात जिभेने चाचपावा तसा.

बाहेर थांब्यावर वारा, आणि ओल्या लोकरीचा वास.
तो मेंढ्यांचा की माझ्याच कोटाचा, कोण जाणे.
काचेपलीकडून त्या काहीतरी सांगत होत्या.
ओठ मिटले, उघडले. एवढंच.
मला वाटलं, बस.
म्हणजे बस म्हणतायत, थांब म्हणतायत,
की पुरे म्हणतायत, हे ठरेना.

एवढ्यात ती वळणावरून आली,
दिवे लागलेली, आत कुणी नाही.