एक देठ कमी

आमच्या वह्यांत मेलेल्यांचं कुठलंच पान शेवटचं नसतं.
लाल बासनात बांधलेली पावणेतीनशे वर्षं,
बोरूची शाई, मधूनच हळदीचं बोट.
लोक येतात नांदेडहून, न्यू जर्सीहून,
विचारतात, गुरुजी, आमचे खापरपणजोबा सापडतील का?
मी गाव विचारतो, मग आडनाव, मग वही काढतो.

परवा शोधत होतो येवल्याचे कुणी
आणि उघडलं भलतंच पान.
माझ्या पणजोबांचं अक्षर, शके अठराशे अडतीस, माघ वद्य.
‘पुंडलिक सखाराम वडनेरे, तांबट, वय चोवीस,
जलमृत्यू. देह नाही.
आगबोट परमुलखाची,
लढाईत नसलेल्या.’

शेवटच्या ओळीची शाई वेगळी आहे.
नंतर कुणीतरी सांगितलं असणार.
बहुतेक तिनेच, सगुणाने,
जिच्या पेटीत त्याचं एकच कार्ड होतं:
ही बोट लढाईत नाही. काळजी करू नये.

बोटीच्या दोन्ही कुशींवर म्हणे झेंडा रंगवलेला,
आमच्या गल्लीतल्या घराएवढा,
आणि रात्रभर त्यावर दिव्यांचा झोत,
की पाण्याखालून बघणाऱ्याला नीट वाचता यावं
आम्ही कुणाचेच नाही.

वर नाचाचा हॉल, दाढदुखीचा एक डॉक्टर,
पिंजऱ्यात पोपट घेऊन निघालेली मुलगी.
खाली वाफेच्या नळ्यांशी पुंडलिक,
ठोका ओळखणारा कान,
कुठे तांबं पातळ झालंय ते आवाजावरून सांगणारा.
तो शेवटचा ठोका त्याने ओळखला असेल का?

मग त्या मुलखाने पत्र लिहिलं. कडक.
पलीकडून दिलगिरी आली.
दुसरं पत्र, दुसरी बोट, दुसरी दिलगिरी.
तिसऱ्या खेपेला वर्तमानपत्रांनी नुसती नावं छापली,
एकाखाली एक, पोपटवाल्या मुलीचंसुद्धा,
आणि अडीच वर्षं काठावर बसलेला तो देश
ओलं धोतर झटकत उठला.
ओल्याबरोबर सुकं जळतं, असं आपण उगाच म्हणत नाही.
फक्त इथे सुकं आधी बुडालं,
मग पेटलं.

त्या यादीत पुंडलिक नव्हता.
त्यांनी मोजले त्यांचे.
आणि आमचं म्हणाल तर
आम्हाला उठावं लागलंच नाही,
आम्ही पहिल्या दिवसापासून लढाईत होतो
आणि कुणी विचारलं नव्हतं.
देवळालीच्या छावणीतून गाड्या भरून जात होत्या.
तांबट आळीत हंडे कमी, पत्रा जास्त.

देह नाही, म्हणून पळसाचा केला.
रामकुंडावर, दर्भ अंथरून,
शिराला चाळीस देठ, कंठाला दहा,
दोन बाहूंना मिळून शंभर, मांड्यांना शंभर,
डोक्याच्या जागी नारळ.
तीनशे साठ भरायला हवेत.
वहीच्या समासात बारीक लिहिलंय:
‘बोटांपाशी एक देठ कमी पडला. आणवीत होतो.
बाई म्हणाली, राहू द्या.
डाव्या करंगळीचं पेर नव्हतंच त्यांना,
कातरीत गेलं होतं.’

एवढंच. पुढच्या ओळीपासून सिन्नरचे कुणी सुरू होतात.

आज चहाच्या टपरीवर टीव्हीत एक बोट जळत होती.
समुद्राचं नाव मला धड कळलं नाही.
निवेदक पुन्हा पुन्हा विचारत होता, आपले किती? आपले किती?
कटिंग घेणारा म्हणाला, आपलं काय त्यात,
आणि ग्लास विसळून ठेवला.

दुपारी सिडकोतून फोन आला.
मुलगा बोटीवर स्वयंपाकी होता, कंपनी परदेशातली,
अजून काही मिळालेलं नाही.
गुरुजी, पळस मिळेल का या दिवसांत?

मिळेल, म्हटलं. त्र्यंबकच्या रस्त्याला बघतो.
अॅक्टिव्हाची किल्ली हातात घेतली
आणि विचारलं,
अंगावर काही खूण?

तिकडे मिक्सरचा आवाज येत होता.
कुणीतरी तो बंद केला.