पदेराचा भोंपू

पिएदादच्या चढावर पहाटे वाजणारा
इनास पदेराचा भोंपू
मंगळवारी सायकलवरून नाहीसा झाला
आणि अख्खा वाडा साडेसहापर्यंत झोपून राहिला.

संध्याकाळी इनास माझ्या बालकांवात येऊन बसला.
"पोलीस नकोत. मास्तर, तुम्ही गणित शिकवायचात,
तुम्हीच सोडवा."

फेरीवरचा कुष्टा म्हणतो: आवेलीननं नेला.
आवेलीन, शिलाईचं मशीन न थांबवता: शाबानं.
शाबा: मी नाही.
आणि मिनीन, इनासचा स्वतःचा मुलगा,
पासपोर्टच्या कागदांतून मान वर न करता:
आवेलीन खोटं बोलते.

"चौघांत एकच जण खरं बोलतोय," इनास म्हणाला,
"एवढं मला पक्कं ठाऊक."

एवढं पुरतं.
उंड्याच्या कागदावर मी चार घरं आखली.
आवेलीन आणि मिनीन, एक खरा तर दुसरा खोटा,
दोघं एका होडीत बसत नाहीत.
म्हणजे एकुलतं एक खरं या दोघांतच अडकलं.
उरलेले खोटे. शाबा खोटा.
त्याचं 'मी नाही' म्हणजे 'मीच'.
नावाभोवती पेन्सिलीनं गोल केला.
पस्तीस वर्षांत इतकं स्वच्छ उत्तर
फळ्यावर क्वचितच उतरलं होतं.

रात्री घास गिळेना.
शाबा. खाजनाच्या बांधावर सापडलेली
कुणाचीतरी कोयती
जो महिनाभर झाडाला टांगून ठेवतो,
ज्याची असेल तो नेईल म्हणून.
हे कुठल्या घरात लिहायचं?

मग कागद पुन्हा सरळ केला.
बोलणारे पाच होते की!
पाचवं वाक्य मी तपासलंच नव्हतं,
वर 'दिलेले आहे' लिहून
खाली रेघ ओढली होती.

समजा, इनासच खोटा.
समजा, भोंपू त्यानंच उतरवला.
कुष्टा चुकला, आवेलीन चुकली,
शाबा खरा, मिनीन खरा.
दोन खरे. 'एकच' म्हणणारा खोटा.
कुठेच काही अडत नाही.
(मिनीनला माहीत होतं?
की बोलायचं म्हणून बोलला?
ते गणितात नाही.)

सकाळी भट्टीवर गेलो.
मिनीन शुक्रवारी लिस्बनला निघणार,
पीठ मळायला उरले दोन हात,
त्यातला एक खांद्यापासून आखडलेला.
भोंपू चोरीला गेला, म्हणून बंद केलं:
हे चारचौघांत सांगता येतं.
जमत नाही, हे नाही सांगता येत.

इनासनं न विचारता चार पोळ्या पिशवीत टाकल्या,
कोंडा लागलेल्या, गरम.
"सुटलं का, मास्तर?"

"नाही रे. आता डोकं पूर्वीसारखं चालत नाही."

मैद्याच्या पोत्यामागून
लाल रबराचा फुगा अर्धा डोकावत होता.
त्याच्याकडे पाठ करून
मी सुटे पैसे मोजू लागलो.