नाकाने टाइप केलेलं

पुंता अरेनासला खेकड्यांच्या कारखान्यात
साडेदहाची सुट्टी बारा मिनिटांची.
हातमोजे काढून चढवण्यातच चार जातात,
म्हणून येसेनिया फोनवर नाकानेच टाइप करते.

आज फोटो आलाय रोमिना इन्साल्देचा,
तीच ती, आठच्या मालिकेतली वकीलीण.
पायजम्यात, केस विस्कटलेले, हातात दुधाची पिशवी.
नवरा म्हणे कुठल्याशा बेटावर,
कुणाबरोबर ते सगळ्यांनाच ठाऊक.

'अगं, डोळ्यांखाली पोती लटकलीत की!'
'एवढा पैसा असून ही दशा?'
'मी असते तर त्याला उकळूनच काढला असता.'
हे ओतिलियाचं. तिच्या पाठीमागच्या कढईत
तेव्हा खरंच शंभरेक किलो उकळत होते.

येसेनियाच्या नाकाने एक हसरा चेहरा पाठवला,
मग आणखी तीन.
'वय काय गं हिचं?'
'चव्वेचाळीस.'
'मग म्हातारीच की.'

एदेल्मिरा भिंतीशी पाव खात होती.
मंगळवारी तिच्या केकवर
दोन आकड्यांच्या मेणबत्त्या आम्हीच लावलेल्या,
चार, आणि शेजारी चार.
तिच्या नवऱ्याची बोट मार्चमध्येच परतली.
तो आधीच्या बंदरात उतरला.

ती एवढंच म्हणाली, 'दूध कुठलं घेतलंय बघ.'
निळी पिशवी. स्वस्तातली, आपलीच.

भोंगा झाला.
काचेवर नाकाचा तेलकट ठसा,
नेमका रोमिनाच्या गालावर.
एदेल्मिराने जाता जाता तो बाहीने पुसला,
आणि पुसताना
एक बदाम गेला.