लावते, खात नाही

फॉर्मवर दोनच क्रियापदं होती :
खाता का, ओढता का.
पार्कसाइटच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीखालच्या गल्लीत
करुणा धोत्रे दोन्हींना नाही म्हणाली.
मी दोन फुल्या मारल्या.
वय चोवीस, पाचवा महिना, आधीची एक मुलगी.
सही करताना तिचा डावा हात
ओढणीखाली गेला.

"आणि मशेरी?"
"ती व्हय. ती लावते. खात नाही."

लावते.
जसं कुंकू लावतात, दार लावतात,
पहाटे चारला संडासाच्या रांगेत नंबर लावतात.
त्याआधी बोटभर लावावीच लागते,
नाहीतर आत नुसतं बसून राहायचं
आणि बाहेर बायका पत्रा बडवणार.
हे तिने सांगितलं नाही.
मला माहीत होतं.

रविवारी तिची सासू तवा चढवते,
भाकरीचा नव्हे, दुसरा, कडेला चिरलेला.
पानं करपतात, धूर पोटमाळ्यावर जातो,
गल्ली शिंकते आणि कुणी काही बोलत नाही,
कारण पुढच्या रविवारी त्यांचा तवा असतो.
मग बत्त्याने कुटून, फडक्यातून चाळून
पावडरच्या जुन्या डबीत.
उरली तर शेजारी वाटीभर,
साखरेसारखी उसनी.

समासात मी बॉलपेनने लिहिलं :
लावते, दिवसातून सहा वेळा.
हेल्थपोस्टच्या मॅडम म्हणाल्या, असा रकाना नाही,
'नाही'त धरा.
धरलं.
माझ्या तीनशे घरांत त्या महिन्यात
तंबाखूवाल्या बायका : चार.

मी तिला चित्रांची वही उघडून दाखवली,
वार, नाळ, रक्त, बाळाचं वजन.
तिने शेवटच्या पानापर्यंत बघितलं.
मग म्हणाली,
"सकाळी चहा, मग चार घरची भांडी,
जेवण अडीचला.
मधल्या वेळात मी काय लावू, ते चित्र दाखव."
ते चित्र वहीत नव्हतं.

सातव्यात तिनेच डबी माझ्या पिशवीत टाकली.
"बाळंत होईस्तोवर ठेव. फेकू नको.
सासूला म्हण, हरवली."
मग दर मंगळवारी मी गेले की
डबी मागायची नाही, पिशवी मागायची.
मांडीवर घ्यायची, चेन अर्धी उघडायची,
नाक आत घालून थोडा वेळ
डोळे मिटून बसायची.
चेन बंद करायची.
"जा आता."

माझी दाढ दुखली तेव्हा मी सात वर्षांची,
आईने बोटावर घेऊन लावली.
दाढ पडली, मशेरी राहिली.
दोन बाळंतपणं तिच्यासकट झाली, एक गेलं.
अकरा वर्षं झाली सोडून, असं मी
ट्रेनिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं,
टाळ्या मिळाल्या,
स्टीलचा डबा मिळाला.

आणि घरी खुंटीला ती पिशवी.
रात्री नवरा झोपला की
पंख्याच्या वाऱ्याने चेनची किल्ली
भिंतीवर वाजायची, टिक, टिक.

मुलगा झाला. दोन किलो शंभर.
काचेत ठेवला नाही, एवढं बरं.
बाराव्या दिवशी मी गेले तर
करुणाने पिशवी नाही, सरळ डबी मागितली.
दिली.
तिने कानाशी धरून हलवली.
पुन्हा हलवली.
झाकण उघडलं नाही.
माझ्या डाव्या हाताकडे बघितलं.

"तीट लावलीस वाटतं कुणाला."
"हो," म्हटलं, "लावली."

"मग ह्यालाही लाव की,"
म्हणत तिने
पोराचा कोरा गाल
पुढे केला.