कॅलेंडरकडे बघा

एकोणीस वर्षं मी
मालवा मिलजवळच्या या पॅथॉलॉजीत
लोकांच्या दंडाला रबरी नळी बांधते.
मूठ आवळा म्हणते, आणि मग,
इकडे नाही, कॅलेंडरकडे बघा.

कितीजण पडले माझ्यासमोर.
सराफ्यातला एक हलवाई, खुर्चीसकट.
एक नवरा, बायकोचं रक्त काढताना.
एक कॉलेजचा मुलगा तर नुसत्या स्पिरिटच्या वासानं.
मला आधीच कळायचं.
वरचा ओठ ओला होतो,
कानाच्या पाळ्या मेणासारख्या दिसतात.
मी त्यांचे पाय उंच करायची, पंखा वाढवायची,
आणि आत कुठेतरी, खरं सांगते,
थोडी हसायची.

त्या मंगळवारी पोटात पोहे होते,
शेव आणि जिरावन घातलेले,
म्हणजे उपास नव्हता.
ताप नव्हता, घरी भांडण नव्हतं,
ऊनसुद्धा अजून पायरीपर्यंत पोचलं नव्हतं.
खुर्चीत गेंदालाल पहेलवान,
दंड असा की नळीला गाठ पुरेना,
आणि डोळे लहान मुलासारखे गच्च मिटलेले.
मी म्हटलं, कॅलें

इथलं मला विचारू नका.
मी तिथे नव्हते.

अंधारी येते म्हणतात.
येते म्हणजे येताना दिसते तरी.
हे तसं नव्हतं.
स्वेटर विणताना टाका निसटतो
आणि चार ओळी पुढे गेल्यावर कळतं,
तसं काहीसं.

आधी वास परत आला. चामड्याचा.
(कुणीतरी नाकाशी चप्पल धरली होती.)
मग आवाज, मग छत.
पंख्याच्या पात्यांवर किती धूळ होती,
एकोणीस वर्षांत मी वर बघितलंच नव्हतं.
पुसायला हवं, असा पहिला विचार.
हे कुणाचं दुकान, असा दुसरा.
आणि पहेलवानाचं भलंमोठं घाबरलेलं तोंड,
दंडाला अजून माझी नळी लोंबतेय,
म्हणतोय, मॅडमजी, इधर नहीं,
कलेंडर देखो, कलेंडर.

कमलेश म्हणतो अर्धा मिनिट.
डॉक्टर बाकलीवाल म्हणतात, जास्तच.
रांगेतल्या बाईंनी सांगितलं,
साडी पोटरीपर्यंत गेली होती,
मीच पेपर टाकला हो वरून.
म्हणजे माझ्या आयुष्यातला तो तुकडा
पाचसहा जणांकडे आहे,
थोडा थोडा,
आणि माझ्याकडे नाही.

नाव विचारलं तेव्हा
मी माहेरचं सांगितलं.
तेवीस वर्षांत सहीलासुद्धा न लागलेलं,
अगदी स्पष्ट, म्हणे.
हे श्रीरंगला सांगितलेलं नाही.

सासूबाई भोवळ म्हणाल्या.
आई असती तर घेरी म्हणाली असती.
माझंच रक्त, कमलेशनं काढलं, दोनदा टोचून.
रिपोर्टवर सगळं नॉर्मल.
शुद्ध गेली, असं लिहायला
त्या छापील कागदावर रकाना नाही.

रात्री दिवा मालवायला हात जाईना.
झोपेत मी रोज जातेच की,
पण स्वतः जाते,
दाराला कडी लावून, गजर लावून, उशी उलटी करून.
तिथे मला नेलं.
कडी नाही, निरोप नाही,
आणि परत आणून ठेवलं तेव्हाही
कुठे होतीस, कुणी विचारलं नाही.
विचारलं असतं तर काय सांगणार होते?
छान होतं, असं?
कारण ते वाईट नव्हतं.
हेच कुणाला सांगता येत नाही.

बुधवारी पहेलवान परत आला, उपाशी,
कालचं राहिलंच होतं त्याचं.
मी नळी बांधली.
मूठ आवळा म्हटलं, पुढचं म्हटलं नाही.
त्यानं डोळे मिटले नाहीत,
कॅलेंडरकडेही बघितलं नाही.
माझ्या कानाच्या पाळ्यांकडे बघत बसला,
दुसरा हात थोडा पुढे, तयारीत.
सुई कधी गेली
त्याला कळलं नाही.
दोन नळ्या भरल्या.