टिनाचा घाम

डिसेंबरात गळायला लागलं छप्पर.
आभाळ कोरडं ठणठणीत,
वाडी नाक्यावर ट्रकवाले शेकोटीला हात देऊन बसलेले,
आणि आमच्या गोदामात पहाटे साडेपाचला
टप्.
भिवापुरी मिरचीच्या तिसऱ्या थप्पीवर.

मी शिडी लावली, एकेका स्क्रूवर डांबर थापलं.
रात्री फटींत बारदान कोंबलं,
झरोक्यावर पुठ्ठा ठोकला.
जितकं बुजवलं तितकं जास्त गळलं.
शेठ म्हणाला, "वर नळ बसवला काय बे?"

मग उबेद मिस्त्री आला हिंगण्याहून,
चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली.
शिडीकडे त्यानं पाहिलंही नाही.
एक पोतं सोडलं, कोपरापर्यंत हात घातला,
बाहेर काढून हुंगला.
"ओली भरली न माल?"
मी गप्प.
"हे वरचं पाणी नाही, भाऊ. खालचंच आहे.
मिरची वाफ सोडून राहिली, जमीन सोडून राहिली.
वर पत्रा रातभर उघड्यावर गारठते.
वाफ जाईन कुठं?
झरोका तर तुम्हीच बुजवला."
चहा आला.
पहिल्या घोटाला त्याचा चष्मा पांढरा झाला.
पुसला नाही. नुसतं बोट लावून दाखवलं.

अकरा पोती काळी निघाली, ती फेकली.
उरलेली चंद्रकला उईके आणि तिच्या बायांनी
अंगणात ओतली, उन्हात;
दोन दिवस ठेसनावरच्या हमालीसारखी
सगळी गल्ली शिंकत होती.
जमिनीवर मेणकापड, त्यावर फळ्या,
भिंतीपासून थप्पी हातभर लांब.
पत्र्याच्या पोटाला चंदेरी फोमचं अस्तर,
वळचणीला जाळीची फट,
आणि आढ्याला, जिथं मी सगळ्यात जास्त डांबर ओतलं होतं,
तिथंच उबेदनं गोल कापलं,
वाऱ्यावर फिरणारा भोवरा बसवला.

बिल मीच लिहिलं:
छप्पर गळू नये म्हणून
छपराला भोक पाडणे, नग एक.
शेठनं दोनदा वाचलं.
सही अजून झाली नाही.

साडेपाचला मला आपोआप जाग येते.
कान देतो.
वर भोवरा कुरकुरत फिरतो,
खाली मिरची.
हातावरचं डांबर
रॉकेलनंही गेलं नाही.