घर हलवण्याआधी

एदेल्मिराबाईच्या भाच्यानं पुएर्तो मोन्तहून पुस्तक आणलं,
पिवळ्या पुठ्ठ्याचं.
नीट विचार कसा करावा, निर्णय कसा घ्यावा,
आणि शेवटच्या पातळशा प्रकरणात, सुखी कसं व्हावं.
तीन वर्षं बाईचं हो-नाही चाललेलं.
किनारा दर हिवाळ्यात हातभर ढासळायचा
आणि ती दर हिवाळ्यात म्हणायची, यंदा बघू.

पुस्तक म्हणालं, कागदावर मधोमध रेघ मार.
तिनं फेरीबोटीच्या तिकिटामागे मारली.
डावीकडे: टेकडीवर बहिणीची जागा, फुकट.
विहीर गोड. दवाखान्याला होडी लागत नाही.
रात्री लाटा मोजाव्या लागणार नाहीत.
उजवीकडे एकच ओळ:
खिडकीतून औरेलिओची वाट दिसते.

पुस्तक म्हणालं, प्रत्येक कारणाला दहापैकी गुण दे.
तिनं खिडकीला अकरा दिले.

मी बैलवाला. वाचनाचं मला फारसं नाही.
पण आमच्या बेटावर माणसं घर सोडून जात नाहीत,
घरच ओढून नेतात, मिंगा म्हणतात त्याला,
म्हणून मी म्हटलं, बाई, खिडकी घरासोबतच येईल की.
ती म्हणाली, खिडकी येईल रे रुपेर्तो,
समुद्र कुठे येतोय?
यावर मी काय बोलणार.
बैलांना पाणी दाखवलं आणि परतलो.

मग ऑगस्टातल्या एका रात्री
फडताळातली बशी आपसूक पडली.
एवढंच झालं. वारा नव्हता, भूकंप नव्हता.
सकाळी ती सफरचंदाच्या दारूचा बुधला घेऊन दारोदार फिरली.
ओढायला याल का?
असं स्वतः विचारावं लागतं, चिठ्ठी चालत नाही.
पुस्तकात हे नव्हतं.

फेब्रुवारीत जमीन टणक झाली.
हलवण्याआधी घर रिकामं करतात,
चूल बाहेर, काचा बाहेर,
नाहीतर सगळं बैलांच्या गुडघ्यांवर येतं.
गवतावर मांडल्यावर दिसलं काय काय होतं ते:
एकोणीस रिकाम्या बरण्या, भाता फाटलेला अकॉर्डियन,
आणि औरेलिओचे रबरी बूट,
आत वर्तमानपत्र कोंबलेलं, पायाच्या आकाराचं.
बूट तिनं हातात घेतले.
बरण्यांकडे वळूनही पाहिलं नाही.

बारा जोड्या. आमच्याकडे जू शिंगांना बांधतात.
ओढ्याच्या चढावर घर अडलं, एका बाजूला कललं,
आणि चाळीस माणसांच्या चाळीस अकला सुटल्या.
डावी जोडी पुढे घ्या! दोर कापा! ओंडका घाला!
म्हातारा बेलिसारिओ तेवढा म्हणाला,
सोडा. जनावरांना दम खाऊ द्या.
पाऊण तास कुणी काही केलं नाही.
पोरं घराच्या सावलीत बसली, सावली थोडी सरकली.
नंतर मी हाक दिली
आणि ओंडक्यांखालून किर्र असा आवाज आला,
जुन्या दारासारखा.

टेकडीवर प्रश्न पडला, तोंड कुठे करायचं?
बाई बूट पोटाशी धरून रिकाम्या चौकटीमागे उभी.
थोडं डावीकडे, म्हणाली.
अजून. अजून जरासं.
माझ्या बैलांच्या तोंडाला फेस आला, मला राग.
शेवटी दोन झाडांच्या फटीतून
नखाच्या कडेएवढं पाणी चमकलं.
पुरे, ती म्हणाली,
आणि सगळ्यांना जेवायला हाक मारायला गेली.

पुस्तक आता माझ्याकडे आहे.
समासात तिचे बटाट्याचे हिशोब.
शेवटच्या प्रकरणाची पानं करकरीत,
कुणी उघडलेली दिसत नाहीत.
भाऊ म्हणतो जोड्या विक, ट्रॅक्टर घेऊ, वैरणीचे पैसे वाचतील.
मीही रेघ मारली.
डावी बाजू खालपर्यंत भरली, भावाचंच सगळं, आणि खरंही.
उजवीकडे लिहिलं:
अंधारात मी खोकलो तरी ते मान वळवतात.
गुण द्यायचे राहिलेत.
पेन्सिल कानावर ठेवली,
त्यांची वैरणीची वेळ झालीय.